केनिया, टांझानिया आणि नवी पेठ

मनुष्यप्राणी आणि इतर प्राणी यांच्यातला मुख्य भेद असा की इतर प्राणी निघतात आणि मनुष्यप्राणी ठरवतो. आफ्रिकेत विल्डबीस्ट नावाचं जनावर आहे (पुढून गाय, मागून घोडा, एकूण घाईत उरकलेलं). ही जनावरं दरवर्षी लाखोंनी टांझानियातून केनियात जातात, मगरींनी भरलेली नदी पोहतात आणि गवत संपलं की परत फिरतात. यासाठी त्यांनी आजवर एकही बैठक घेतल्याची नोंद नाही. त्यांची प्रगती त्यामुळेच खुंटली असावी.

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ राहणाऱ्या गुरुबसप्पांच्या घरी हेच काम पद्धतशीर झालं. नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. जन्मभर गादीवर बसून थानं उलगडल्यावर त्यांना एकच इच्छा उरली होती, ती नदी आणि ते पोहणं एकदा डोळ्यांनी बघावं. ही इच्छा त्यांनी एका रविवारी जेवणानंतर बोलून दाखवली. इच्छा मनात ठेवली तर ती पुरी होण्याची थोडीफार शक्यता असते. घरच्यांना सांगितली की तिची समिती होते.

समितीत धाकटे भाऊ चनमल्लप्पा केनियाच्या बाजूने होते, मुलगा अमरेश टांझानियाच्या बाजूने, आणि मुलगी सिद्धेश्वरी पुण्याहून फोनवर दोन्ही बाजूंनी (तिला वाचनाची सवय होती). बायको हेमावती समितीत नव्हती. समितीला भाकरी लागते, ती कुणीतरी करावी लागते.

अमरेश म्हणाला, टांझानियाचं मैदान मोठं आहे. काका म्हणाले, मोठ्या मैदानात प्राणी लांब असतात. अमरेश म्हणाला, तिकडे किलिमांजारो आहे. काका म्हणाले, तो केनियातूनच चांगला दिसतो. सिद्धेश्वरीने दोन्ही विधानं तपासली. दोन्ही खरी निघाली, त्यामुळे पुढचे कित्येक रविवार गेले. मग शेंगाचटणी आणि कडक भाकरी कोणता देश आत येऊ देतो, हा प्रश्न निघाला आणि मूळ विषय काही महिने मागे पडला. शेजारचे नंदीश केनियाला जाऊन आले होते, पण त्यांचं मत ग्राह्य धरलं नाही. जाऊन आलेला माणूस तटस्थ राहत नाही.

विशेष म्हणजे हा आजार गुरुबसप्पांच्या रोजच्या ओळखीचा होता. दोन थानांत अडकलेलं गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत हलत नाही. त्यावर त्यांचा उपाय ठरलेला होता. बोलता बोलता एक थान गुंडाळायचं, मागच्या फळीवर ठेवायचं आणि म्हणायचं, "हे गेलं समजा." गिऱ्हाईक लगेच त्याच थानाकडे बोट दाखवतं. सिद्धेश्वरीने लहानपणी गादीच्या कडेला बसून हे पाहिलं होतं. अप्पांचा अंदाज कधी चुकल्याचं तिला आठवत नव्हतं.

घरात मात्र त्यांनी हा उपाय केला नाही. दुकानाच्या वाटणीनंतर काका-पुतणे एकमेकांशी बोलत नसत, केनिया-टांझानिया सोडून. रविवारी ते दोघे समोरासमोर बसून तावातावाने भांडू लागले की अप्पा लोडाला टेकून, पान जुळवत, मगरी बघायला मिळाल्यासारखे ऐकत राहायचे.

श्रावणात त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी निवडीला वाव ठेवला नाही. दोन्ही देश गादीवर उलगडलेलेच राहिले आणि उचललं गेलं ते गिऱ्हाईक.

लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. सिद्धेश्वरीने वाकून पाहिलं. दुकानात बसायचे तसेच बसले होते, मांडी घालून, फक्त समोर कापड नव्हतं. या जागेबद्दल कुणाचंच दुमत झालं नाही. इतक्या झटपट त्या घरात पूर्वी काहीच ठरलं नव्हतं.

पहिलं पुण्यस्मरण झालं आणि काकांनी प्रस्ताव मांडला, दादाची इच्छा वहिनीने पुरी करावी. प्रस्ताव एकमताने मंजूर झाला, देश वगळून. सिद्धेश्वरी या खेपेला फोनवर न राहता गाडी पकडून आली, कारण अव्वाचे, म्हणजे आईचे, गुडघे आता जिना चढताना वाजू लागले होते आणि समितीला गुडघे नसतात. येऊन पाहते तर बैठक रंगात आलेली. सतरंजीवर दोन्ही देशांची रंगीत माहितीपत्रकं पसरलेली, आणि किलिमांजारो पुन्हा केनियातून चांगला दिसत होता.

हेमावती भाकरीचं पीठ लागलेले हात पुसत बाहेर आली. तिने वाकून टांझानियाचं पत्रक उचललं, चार घड्या घातल्या आणि फळीवर अप्पांच्या फोटोमागे ठेवलं.

"हे गेलं समजा."

मग काका फळीकडे बघत म्हणाले, "वहिनी, ते का उचललं? त्यात काय वाईट हाय? नदी तर त्याच बाजूनं बरी दिसती म्हणत्यात की."

आपलं मत काकांच्या तोंडून ऐकून अमरेशने सतरंजीवर उरलेलं केनियाचं पत्रक वाचायला घेतलं.

"मग त्याचंच तिकीट काढा," हेमावती म्हणाली. "दोन."

"दोन कुणाची?"

"माझं आन् सिद्धूचं. तुमी दोघं हितंच बसा, भावजी. दर रविवारी यायचं, बोलायचं. ह्यांना ते लई आवडायचं."

काका चष्मा पुसत बसले. सिद्धेश्वरी परातीतलं उरलेलं पीठ मळायला आत गेली आणि बराच वेळ मळत राहिली.

वाचकांनी एव्हाना मनाशी एक देश ठरवला असेलच. फळीवर गेलेला ठरवला असण्याचा संभव अधिक. त्याची कारणं कुणाला ऐकवण्यापूर्वी, नदी नेमकी कुणाला बघायची होती आणि तो माणूस अजून गादीवर बसलेला आहे ना, एवढं मान वळवून बघून घ्यावं.