मोठा आ करा

दाताच्या डॉक्टरांनी राजकारणावर बोलायला एक खास वेळ निवडली होती. पेशंटच्या तोंडात कापूस, आरसा आणि लाळ ओढणारी नळी असं सगळं गेलं, की डॉक्टरांना कंठ फुटायचा.

"रस्ता परत खोदलाय, पाहिलात?" त्या दिवशी खुर्चीत शिवणक्लासवाल्या काकू होत्या. "या नगरपालिकेत एक माणूस धड नाही. काय?"

"आं," काकू म्हणाल्या.

"अगदी माझ्या मनातलं बोललात."

पार्टिशनच्या पलीकडे डॉक्टरांची बायको पेशंटना वेळा देण्याचं काम करायची. तिला सगळं ऐकू यायचं. काकू गाल धरून बाहेर आल्या, तेव्हा त्या कुणाच्या मनातलं बोलून आल्यात असं तिला काही वाटलं नाही.

दुपारी जेवताना डॉक्टरांचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. "मी निवडणुकीला उभा राहतोय," ते म्हणाले. "अपक्ष."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"लोकांच्या. इतकी वर्षं मी रोज लोकांशी बोलतोय. आजवर एकानेही माझं म्हणणं खोडून काढलं नाही."

"अहो, त्यांच्या तोंडात तुमचा हात होता."

डॉक्टरांनी ते ऐकलं नाही. ते हात धुवायला उठले आणि न धुताच परत येऊन बसले. तिथून पुढे त्यांच्या जिवाला स्वस्थता म्हणून लाभली नाही.

विरोधात होते नाक्यावरचे हार्डवेअरवाले. त्यांना सगळे खिळेभाऊ म्हणत. डॉक्टरांचा हसरा फोटो दवाखान्यावर लागला आणि आधी खिळेभाऊंचे नातेवाईक यायचे थांबले, मग त्यांचे शेजारी. ज्यांना दोघांशीही काही देणंघेणं नव्हतं, तेही फिरकेनात. आत शिरताना कोणी पाहिलं तर आपण डॉक्टरांच्या गोटातले ठरू, ही धास्ती. बाकावर आता कार्यकर्ते बसत. त्यांचे दात ठणठणीत होते. ते फक्त चहा पीत.

डॉक्टरांना खरी काळजी होती ती बँकेतल्या कॅशिअरची. त्याची दाढ अर्धी कोरून, वर तात्पुरतं सिमेंट भरून ठेवलेलं होतं, आणि तो निघाला खिळेभाऊंचा साडू. डॉक्टर दिसले की तो गालावर हात ठेवून रस्ता ओलांडायचा. एकदा भर बाजारात डॉक्टरांनी त्याला गाठायचं ठरवलं. हातात प्रचाराची पत्रकं तशीच होती. ती पाहून कॅशिअरने चाल वाढवली. डॉक्टर मागोमाग धावले.

"अहो, थांबा. माझं ऐका, नाहीतर दाढ काढावी लागेल."

हे वाक्य बाजारात जेवढ्यांनी ऐकलं, तेवढ्यांनी ते आपापल्या परीने पुढे नेलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की डॉक्टरांनी खिळेभाऊंच्या साडूला दात पाडायची धमकी दिली. दुसऱ्या दिवशी खिळेभाऊंची रिक्षा कर्णा लावून फिरू लागली: "दात पाडणाऱ्याला पाडा."

"तो माझा धंदाच आहे," डॉक्टर घरात येरझाऱ्या घालत म्हणाले.

"हे तुम्ही कुठे बोलू नका," बायको म्हणाली.

मग ते दारोदार फिरले, आणि तिथे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपले पेशंट मोकळ्या तोंडाने भेटले. प्रत्येकाला मत होतं. कोणाचंच डॉक्टरांशी जुळत नव्हतं. शिवणक्लासवाल्या काकूंनी तर त्यांना दारातच उभं करून, रस्ता खोदणं कसं गरजेचं होतं ते पाइपांच्या जाडीसकट समजावून सांगितलं.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"त्या दिवशी तुमची सुई माझ्या हिरडीत होती."

निकाल लागला. डॉक्टर सपाटून आपटले. त्यांच्याकडचा चहा प्यायलेल्यांनी जरी मतं दिली असती, तरी थोडी लाज राहिली असती.

बायकोने तो हसरा फोटो उतरवला आणि नियम घातला, "खुर्चीजवळ फक्त दाताबद्दल बोलायचं." हळूहळू पेशंट परतले; कॅशिअर सगळ्यांच्या आधी, कारण सिमेंट निघालं होतं. डॉक्टर मुकाट्याने काम करत, पण आतलं बोलणं जाणार कुठे? ते उगाच खण उघडत, मिटत, चिमटे इकडचे तिकडे करत.

अशात एका सकाळी गाल सुजवून खुद्द खिळेभाऊ आले. डॉक्टरांनी भूल दिली आणि हत्यारं मांडायला घेतली. एकेक खणकन वाजत होतं.

"डॉक्टर, काहीतरी बोला ना," भाऊ म्हणाले. "गप्प असलात की जास्त भीती वाटते."

"मला परवानगी नाही."

भाऊंनी पार्टिशनकडे मान वळवली. "वहिनी, बोलू द्या हो त्यांना. त्यांच्या हातात पक्कड आहे."

पलीकडून आवाज आला, "बोलू देत. पण विचारायचं, सांगायचं नाही."

डॉक्टर पेचात पडले. विचारायची सवय कुठे होती? शेवटी त्यांनी भाऊंच्या तोंडात घालायला उचललेली नळी परत ठेवली, स्टूल ओढलं आणि म्हणाले, "तुमचं कसं चाललंय?"

भाऊंचा अर्धा ओठ बधिर होता, तरी ते सुटले. "दुकान बसलं हो माझं. निवडून आल्यापासून गिऱ्हाईक म्हणून कोणी येतच नाही. बिजागरी घ्यायला आलेला माणूस आधी गटाराचं गाऱ्हाणं सांगतो, मग बिजागरी फुकट मागतो. उलट बोलावं तर मत जातं. बायको म्हणते, दुकानाला कुलूप लावा, आणि ते तरी आपल्याच दुकानातून विकत घ्या, तेवढीच विक्री. मला उभं राहायचंच नव्हतं. साडूने हरभऱ्याच्या झाडावर चढवलं."

ते इतकं बोलले, की भूल उतरली. डॉक्टरांनी दुसरी सुई दिली, दाढ काढली, कापूस दाबला, आणि या सगळ्यात आपण मधे एक शब्दही बोललो नाही, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

भाऊंनी कापूस बाजूला सारला. "पुढच्या वेळी तुम्हीच उभे राहा, डॉक्टर. मी स्वतः दारोदार फिरतो तुमच्यासाठी. निवडून आणतो बघा."

डॉक्टरांचे डोळे चमकले. स्टुलाखाली पाय हलायला लागला. पार्टिशनपलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"काय मग? हो म्हणताय?"

"आधी तो कापूस परत दाबून धरा," डॉक्टर म्हणाले; बाहेर नीट ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने.