कच्चं पाणी

हमीदचाचांच्या गाड्यावर सीताफळाचा भाव विचारला की उलट सवाल येतो, "कधी खानार?"

"आज" म्हणालात तर डोळे उघडलेलं फळ मिळेल, "परवा" म्हणालात तर टणक. "बघू" म्हणालात तर काहीच मिळणार नाही. एकदा कुणा पुढाऱ्याचा ड्रायव्हर गाडी चालूच ठेवून आला. "सायबांना पायजेत, लवकर द्या."

"सायेब कधी खानार?"

"मला काय म्हाईत!"

"मंग इचारून या."

साहेब सीताफळाविनाच आष्टीला गेले. धंदा असा करतात का? पण चाचांचं पालुपद ठरलेलं, "कच्चं फळ इकनं म्हंजी खोटं बोलनं. सबर धरा."

अशा या माणसाने म्हातारपणी मासे पाळायचं काढलं. चाची न्हाणीत पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या खाटेला खिळल्या. त्यांच्या खिडकीतून दिसते ती माझ्या घराची भिंत, आणि तिला मी कैक वर्षांत रंग दिलेला नाही. बायकोच्या नजरेपुढे काहीतरी हलतं असावं म्हणून चाचांनी नगरहून काचेची टाकी आणली, एसटीत मांडीवर धरून, नव्या नवरीला आणावं तशी जपत. त्याच संध्याकाळी नळाचं पाणी भरलं आणि दोन सोनेरी मासे सोडले. सकाळी दोन्ही उलटे तरंगत होते. आधी दिसले ते चाचींनाच.

नगरच्या दुकानदाराने फोनवर समजावलं की नव्या पाण्यात मासा जगत नाही. पंप चालू ठेवायचा, रोज चिमूटभर खाणं टाकायचं, महिनाभरात पाण्यात चांगले जंतू धरतात, मग मासे आणायचे. मला हे पटायला दोन दिवस लागले असते. चाचांना तिथल्या तिथे कळलं. "म्हंजी पानी आढीत घालायचं! मंग आदी सांगायचं ना बे!"

झालं. चाचा रोज सकाळी बिनमाशांच्या टाकीला जेवू घालू लागले. आमच्या कडा गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणार, आणि हा माणूस दोन-चार घागरी पाणी नुसतं पिकवत बसलेला. "मासे कुठंयत, चाचा?" म्हणून येणारा-जाणारा विचारायचा. "पानी कच्चं हाय," हे उत्तर ठरलेलं. गल्लीने खिल्ली उडवली, मीही उडवली.

महिना झाला. दुकानदार म्हणाला, आता न्या मासे. चाचा म्हणाले, कच्चं हाय. दुसरा महिना सरत आला तरी कच्चंच. शेवटी एका सकाळी मी त्यांना त्यांच्याच दारात अडवलं. "चाचा, आता काय लोणचं घालताय का पाण्याचं?"

ते हसले नाहीत. ओट्यावर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सिताफळाला डोळं असतेत, भाऊ. उघडले की कळतं. पान्याला डोळं कुठून आनू? मासे मेले त्या दिवशी ती काय म्हनली, म्हाईत हाय? 'या घरात कायच जगत न्हाई का?'"

चाचा-चाचींचं एकुलतं लेकरू पाळण्यातच गेलं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. काय पिकलंय नि काय नाही, हे ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस घाबरला होता. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आतून चाचींचा आवाज आला. "अजी, हाड मोडलंय माझं, कान न्हाई. आना ते मासे."

"आन् मेले तर?" चाचांनी तिथूनच विचारलं.

"मेले तर या बारीला दोघं मिळून रडू."

पहिले दोन मासे माझ्या त्याच भिंतीलगत पुरताना चाचा एकटेच रडले होते. मी गच्चीवरून पाहिलं होतं. चाचींना ते ठाऊक असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. चाचांनाही वाटलं नसावं. ते ओट्यावरून उठले. मग त्यांनी गाड्यावर ताडपत्री ओढली, डोक्यावर टोपी घातली आणि नगरची एसटी धरली.