एका पट्टीने उतरलेला पियानो

पियानो आत आणायला बैठकीच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढावं लागलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला तेव्हा खोलीतलं बाकीचं सामान अंग चोरून बसल्यासारखं दिसू लागलं. भिंगरीच्या बाबांच्या आत्याने लहान घरात राहायला जाताना तो तिला देऊन टाकला होता. भिंगरी नुकतीच पियानो शिकू लागली होती.

भिंगरीची आई वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने पहिल्यांदा पियानोची पुढची फळी काढून आत पाहिलं आणि ती पाहतच राहिली. दाबलेल्या लोकरीच्या नमद्याने मढवलेल्या हातोड्यांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी होती. एक पट्टी दाबली की आतले कितीतरी चिमुकले लाकडी तुकडे एकमेकांना ढकलत, आणि शेवटी हातोडी तारेला शिवून अशी हळूच मागे येई, जणू तिला कोणी शिस्त लावली होती. नवऱ्याने जेवायला हाक मारली, तीही तिला ऐकू गेली नाही.

मग पियानो जुळवणारा आला. त्याने सांगितलं की तारा जुन्या झाल्यात, पूर्ण ताणल्या तर तुटतील. सगळे सूर सारखेच एका पट्टीने खाली ठेवू; कुठलीही पट्टी दाबली की तिच्या डावीकडच्या, काळ्या किंवा पांढऱ्या, पट्टीचा सूर येईल, पण निदान आपापसात जुळतील. मुलीला शिकायला चालेल का, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा त्याने नुसते खांदे उडवले. उत्तर भिंगरीच्या आईनेच दिलं.

"न चालायला काय झालं? चूक सगळीकडे सारखी असली की ती चूक राहत नाही, नुसतं अंतर होतं. आमच्याकडे असा काटा आला तर आम्ही त्यावर फरकाची चिठ्ठी चिकटवतो आणि खुशाल वापरतो."

भिंगरीच्या कानांवर चिठ्ठी कुठे चिकटवायची, हा विचार आईच्या मनात आला नाही.

भिंगरी त्या पियानोला अशी चिकटली की तिला अंघोळीला उठवायला दोन माणसं लागत. घरी सगळं छान चाललं होतं. शिकवणीत मात्र ती बाईंच्या पियानोची पट्टी दाबून दचकायची आणि हात मागे घ्यायची. पुढे तर तिने कहरच केला. पांढऱ्या पट्ट्यांवरची साधी, बाळबोध चाल ती काळ्या पट्ट्यांवर चढून, बोटं वाकडीतिकडी करत वाजवू लागली. पियानोच्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. पोरगी सोपं सोडून अवघड वाजवते, शिवाय सूर उतरवून वाजवते, हा चावटपणा तिला घरी कोण शिकवतं, असं त्यांनी विचारलं. हे असंच राहिलं तर पालकांसमोरच्या कार्यक्रमात तिला बसवणार नाही, हेही सांगितलं. भिंगरीने त्या कार्यक्रमासाठी केस वाढवायला घेतले होते.

घरी येताना आईने तिला खोदून विचारलं.

"बाईंचा पियानो चुकीचा आहे गं," भिंगरी समजुतीने म्हणाली. "पण त्यांना वाईट वाटेल ना. म्हणून मी तो बरोबर करून वाजवते."

आई रस्त्यातच थांबली.

तिने बाईंना फोन करून सगळं कबूल केलं: घरचा पियानो एका पट्टीने उतरलेला आहे, आणि भिंगरी तेच घरचे सूर त्यांच्या पियानोवर शोधून वाजवते. बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, एवढ्या मुलीला असं काही जमणं शक्यच नाही, त्या स्वतः येऊन बघतील. दोन, तो पियानो ताबडतोब घराबाहेर काढा. नवऱ्याला दुसरी गोष्ट तेवढी ऐकू आली. त्याने हमालांना सांगून टाकलं. भिंगरी पियानोला पाठ लावून बसली आणि जागची हलेना.

हमाल यायच्या दिवशी बाई आल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि वर्षानुवर्षं हातात बसलेला तुकडा सुरू केला. थोडं पुढे जातात तोच बोटं घसरली. पुन्हा सुरू केला, पुन्हा घसरली. त्यांनी हात मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडे ते शेजाऱ्याचे असल्यासारखं पाहिलं.

"कान एक सांगतात आणि बोटं भलतीकडे जातात," त्या पुटपुटल्या.

भिंगरी उठून त्यांच्याजवळ गेली. "मलापण आधी तुमच्याकडे असंच व्हायचं, बाई. सगळं एक एक पट्टी वर सरकवा. मग येतं."

बाईंना येईना. तेव्हा भिंगरीने वाजवून दाखवलं. आधी घरच्यासारखं, मग सगळं वर सरकवून, खिडकीबाहेर बघत. फरकाच्या चिठ्ठ्या लिहिण्यात आईचं आयुष्य गेलं होतं, आणि ही पोर न सांगता, न शिकवता, सुरागणिक ती वजाबाकी बोटांनी करत होती. आतल्या हातोड्यांचं आश्चर्य आता तिला अगदीच किरकोळ वाटलं.

नवरा दारातून डोकावला. हमाल खाली आलेत, त्यांना काय सांगू, असं त्याने विचारलं.

"लहान मुलांना शिकायला हा पियानो अजिबात योग्य नाही," बाई म्हणाल्या. "हे माझं मत कायम आहे."

भिंगरीने दोन्ही हात पट्ट्यांवर पसरले.

"कार्यक्रमात ही दोन्ही प्रकारांनी वाजवेल. आणि त्या हमालांना परत पाठवा, त्यांच्या आवाजाने माझं लक्ष उडतं." बाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि स्टुलावर थोडं सरकून भिंगरीला जागा करून दिली.

"हं. कुठून सरकायचं म्हणालीस? जरा हळू दाखव."