आमचं अपघातमुक्त घर

"आमच्या घरात कुणी पडूच शकत नाही!" असं मी सुलेखाताईला फोनवर ठणकावून सांगितलं. का नाही सांगणार? वाळूजला एका कंपनीत मी सेफ्टी सुपरवायझर आहे. तीनशे कामगारांना पडू देत नाही, तिथं एका आईची काय कथा!

पण मामला गंभीर होता. दिवाळीत आई न्हाणीघरात घसरली आणि दीड महिना मनगट प्लास्टरमध्ये राहिलं. ताईनं पुण्याहून हुकूम सोडला, "रविवारी येते, घर बघते. पटलं नाही तर आईला घेऊन जाणार." आईला पुणं नको होतं, तिथं अकराव्या मजल्यावर बोलायला कुणी मिळत नाही. आणि मला, खरं सांगतो, आईशिवाय घर नको होतं. कामावरून आल्यावर 'जेवलास का रं' असं विचारणारं दुसरं आहे कोण? माझी बायको मोनाली 'दूध आणलं का' एवढंच विचारते.

मी कामाला लागलो. कंपनीचा पहिला नियम, जमीन मोकळी हवी! पायपुसणी गेली, टीपॉय गेला. पॅसेजमधली पाण्याची चार पिंपं, हंडे, कळश्या, बादल्या, सगळं गच्चीवर गेलं. न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवला. शेजारचा इम्रान फॅब्रिकेशनची कामं करतो. तो म्हणाला, "बद्रीभाई, ड्रिल मारके बोल्ट डालते ना! ये चिपकानेवाला नाय टिकणार." मी हसलो. नव्या टाइल्सना भोकं कोण पाडणार? आणि पाकिटावर चक्क 'दीडशे किलो' छापलेलं होतं!

रोज सकाळी आठला मी घरात कंपनीसारखी पाच मिनिटांची सभा घेऊ लागलो.

"आई, पलंगावरून उठायचं कसं?"

"पायानं."

"नाही! आधी बसायचं, दहा आकडे मोजायचे, मगच उभं राहायचं."

"तुझ्या बापानं मला कधी असं मोजायला लावलं नाय. आन् मी घरात चालत व्हते कशाला धरून? त्या पिंपांना! तीच नेलीस तू गच्चीवर."

हा मुद्दा मी पुढच्या सभेवर ढकलला.

रविवार उजाडला. घर इतकं मोकळं झालं होतं की शिंकलं तरी घुमायचं. 'क्रांती चौकात उतरले, रिक्षा केली,' असा ताईचा फोन आला. मी फोन ठेवतो न ठेवतो तोच गल्लीतून आरोळी आली, "नळ आलेऽऽ!"

आमच्या गल्लीत पाणी आठव्या दिवशी येतं, तेही पाऊण तास. पाळी मंगळवारची होती, आणि हे रविवारीच हजर! घरात भरायला साधी बादली नव्हती.

"अहो, पिंपं!" मोनाली किंचाळली.

मी गच्चीवर धावलो. एक पिंप कवटाळून जिना उतरलो, ते पॅसेजमध्ये टेकवलं आणि समोर बघतो तर काय! मोनालीनं हाताला लागेल ते जमिनीवर मांडलं होतं. कुकर, कढई, परात, पुरणाचं पातेलं, माझ्या टिफिनचे चारही डबे! पाईप तिच्या हातातून सुटून घरभर उड्या मारत होता आणि फरशीवर पाणीच पाणी झालं होतं.

इतक्यात आई पलंगावरून उतरली. एकही आकडा न मोजता!

"आई, हलू नको! ताई येतीय!"

"गप रं! पाणी चाललंय वाया!"

तिला धरायला मी झेप घेतली. उजवा पाय परातीत, डावा कढईत, आणि दोघांची दिशा वेगळी! मी घसरत घसरत थेट न्हाणीघरात पोचलो आणि दोन्ही हातांनी दांडा धरला. दांड्यानं मला पूर्ण साथ दिली. भिंत सोडून तो माझ्याबरोबर खाली आला.

दारात ताई उभी होती. हातात बॅग, तोंड उघडं.

आणि आई? पदर खोचून ती त्या सगळ्या भांड्यांमधून एकालाही धक्का न लावता चालत आली. फुलंब्रीला चाळीस वर्षं विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहिलेत तिनं! मला वाटलं, माझ्याकडंच येतीय. तिनं आधी पाईप धरून पिंपात सोडला. धार नीट पडतीय का ते बघितलं. मग माझ्याकडं वळली.

"लई लागलं का रं?"

"घोटा..." मी कण्हलो.

इम्राननं मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. घोट्याला बारीक चीर, सहा आठवडे प्लास्टर! माझ्या मुठीतला दांडा शेवटी नर्सनं सोडवला. इम्रान बिचारा त्या दांड्याकडं बघून वरचेवर खोकत होता.

संध्याकाळी ताईनं स्वतःची बॅग उचलली. मी मनात म्हटलं, आता आईची पिशवी भरायला सांगणार!

"आई इथंच राहील," ताई म्हणाली.

मला असलं भरून आलं की काय सांगू! पलंगावरूनच मी म्हणालो, "म्हणजे पटलं ना ताई घर?"

"घर कसलं डोंबलाचं! तुला धरून न्हाणीघरात न्यायला घरात कुणीतरी धडधाकट माणूस नको?"