फोनला जेवण विचारणाऱ्या हिराबाई

ये गं सुमन, अशी जवळ बस. आल्या आल्या चार्जर कुठाय ते विचारलंस, मावशी जेवलीस का ते नाही. आमच्या शेजारच्या हिराबाईंनी तुला दारातच उभं ठेवलं असतं. त्या तर फोनलाही आधी जेवण विचारतात.

हिराबाई मूळच्या चौक गावच्या, कोळीवाड्यातल्या. मासळी विकून म्हाताऱ्या झाल्या, आता इथे जेसल पार्कात एकट्या. मुलगी जर्मनीत, तिनेच फोन धाडला. बिल्डिंगमधली तीन पोरं शाळेत जर्मन शिकतात. वर्गात बोलायची पाळी येत नाही, म्हणून दुपारी हिराबाईंच्या फोनवर चॅटबॉटशी बोलायला बसतात. मी चहाला जाते, ऐकते.

हिराबाईंची अट एकच. आधी त्याला जेवलास का विचारायचं, मग तुमचा धडा. पोरं म्हणाली, आजी, त्याला पोटच नाही. तर म्हणतात, "पोट नसंल, पन दारात आलाय ना? इचार."

तो दरवेळी नम्रपणे सांगतो, मी जेवत नाही, तुम्ही काय खाल्लंत? एकदा त्या तिघांतल्या रियाने सुका बोंबील सांगितला. म्हणजे काय, वाळवतात कसा, वास कसा, सगळं विचारलं त्याने. तिघांना घाम फुटला, पण अर्धा तास जर्मन बोलली हो.

मला वाटायचं, म्हातारीचा छंद. मग एका रविवारी त्यांच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मुलगी फोन नातीपुढे ठेवून स्वयंपाकघरात गेली. नात पाच वर्षांची, मराठी येत नाही. दरवेळी आजीला हात हलवते आणि पळते. त्या दिवशीही उठलीच होती, तेवढ्यात हिराबाई म्हणाल्या, "हास्त दू गेगेसन?" म्हणजे जेवलीस का? पोरं फोनला रोज विचारतात तेच.

पोर थांबली. मांडी घालून बसली आणि बोलतच सुटली. हिराबाई मान डोलावत, हो हो म्हणावं तसं "हाय, हाय" करत होत्या. ती गप्प झाली की पुन्हा तेच विचारायच्या. तिसऱ्यांदा पोर हसली आणि तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं.

कॉल संपला तरी त्या पदराने फोनची काच पुसत बसल्या. प्रश्न महिनाभर घोकला होता, उत्तरही समजायला लागेल हे ध्यानातच आलं नव्हतं.

"काय खाल्लं असंल गं पोरीनं?" मला विचारलं.

मला तरी कुठे कळलं होतं? आता हिराबाई पोरांच्या शेजारी बसून जर्मनमधले भात, मासा, बटाटा शिकतायत.

निघालीस? डबा घे. आणि लवकर ये परत. तू काय जेवलीस ते मला कळतं तरी.