यमुनामावशीची छाटणी

यमुनामावशी बोलताना एक डोळा मिटते आणि बोटाने हवेतच समोरच्याभोवती रेघ ओढते. मध्येच मी हललो, तर ओरडते, "ए पत्रकवाल्या, गुमान उभा राहा! कान सुटला ना तुझा!" मी मोर्च्यांची पत्रकं लिहितो आणि वाटतो, म्हणून पत्रकवाल्या.

आमच्या कॉलनीतला दूधवालासुद्धा आता रेघ पूर्ण होईपर्यंत थांबतो.

मावशीने वीस वर्षं दिंडोरीच्या बागांत द्राक्षांची छाटणी केली. गुडघे गेले, तेव्हा साठीला टेकलेल्या या बाईने कॉलेज रोडच्या क्लासमध्ये रोटो शिकायला नाव घातलं. रोटो म्हणजे सिनेमातल्या माणसाभोवती रेघ ओढून त्याला मागच्या दृश्यातून वेगळं काढायचं. एका सेकंदाची चोवीस चित्रं, म्हणजे चोवीस वेळा तीच रेघ. "छाटणीच हाय ही," मावशी म्हणते. "काय ठेवायचं ते कळाया पायजे."

परीक्षेला क्लिप आपली आपण न्यायची होती. पास झालं तर क्लासच्याच स्टुडिओत नोकरी. मावशीने ती पूर्वी छाटणी करायची त्या बागेत काढलेली वाइनची जाहिरात नेली. पुढे हातात ग्लास घेतलेला सुटातला माणूस, मागे छाटणी करणाऱ्या बायका. सर म्हणाले, "महत्त्वाचं तेवढं ठेवा, बाकी काढून टाका."

मावशीने तीन आठवडे खपून सुटवाला काढून टाकला.

सरांनी कपाळावर हात मारला. "अहो मावशी, हीरोच उडवला तुम्ही!"

"सर, तो नुसता उभा हाय. काम तर बाया करतात."

सरांनी नापास केलं. पुन्हा करायला दोन दिवस दिले. हे ऐकून मी तिथल्या तिथे निषेधाचं पत्रक लिहायला बसलो. मावशीने कागद ओढून घेतला. "आधी मला पास होऊ दे. मग छाप काय छापायचं ते."

दोन दिवसांत तिने बायका काढून सुटवाला तेवढा ठेवून दिला. "लय सोपा," म्हणाली. "हलतच नाय." ती पास झाली. पेढे मी वाटले, आणि माझ्या कुठल्याही पत्रकापेक्षा ते ताठ मानेने वाटले.

पहिली फाइल मात्र तिने पुसलेली नाही. परवा दाखवली. काळ्या पडद्यावर बायका छाटणी करतायत, वाऱ्यावरचा एकेक केस शाबूत. उजव्या कडेला कात्री धरलेला नुसताच एक हात. त्याची नखंसुद्धा रेखलेली.

"हा कुणाचा?"

"माझा. बाकीची मी त्यांच्या कॅमेऱ्यात आलेच नाय."

मी एक डोळा मिटला आणि हवेत तिच्याभोवती रेघ ओढायला लागलो.

मावशी जराही हलली नाही. "सावकाश," एवढंच म्हणाली. "पदर सुटंल."