कोंढवलकरांचा कान

कोंढवलकर माणसाच्या तोंडाकडं बघून बोलत नसे. कानाकडं बघून बोले. पहिल्यांदा भेटला तेव्हा मला वाटलं, माझ्या कानाला काहीतरी लागलंय. मी दोनदा पुसून बघितला. तिसऱ्यांदा विचारलंच, "काय हो, काय बघताय?"

"पाळी," तो म्हणाला. "तुमची सुटी आहे. आमच्या कुळात चिकटलेली असते."

"बरं मग?"

"मग काही नाही. तुम्ही आमच्यातले नाही, एवढं सिद्ध झालं."

त्याच दिवशी मला त्याचा राग आला आणि तो राग पुढं कधी उतरला नाही.

मी शिंदे. सातारा जिल्ह्यातला, शिक्षण चौथी. पलटणीत गाड्या दुरुस्त केल्या, पेन्शन घेतली आणि चंडीगडात इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपात फिटर म्हणून चिकटलो. वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको हौसा. पोरंबाळं नाहीत. खालच्या मजल्यावर हा कोंढवलकर. सरकारी हिशेबाच्या कचेरीतनं रिटायर झालेला, लग्न न केलेला, स्वतःची धोतरं स्वतः इस्त्री करणारा.

त्याचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर अडकलेलं होतं. पुण्याला त्यांच्या आडनावाच्या लोकांचं कुलमंडळ होतं. ते सगळ्या घराण्याचा वंश छापणार होते. याचं म्हणणं, आमचे आजोबा त्या मंडळाचे पहिले सभासद. मंडळाचं म्हणणं, तुमचे आजोबा कधी सभासद नव्हते, तुमची शाखा आमच्यात बसत नाही. याच्याजवळ पुरावा एकच. मंडळाच्या पहिल्या मेळाव्याचा फोटो. चाळीस-पन्नास पगडीवाले दाटीवाटीनं बसलेले आणि मागच्या रांगेत एका जाड्या माणसाच्या पगडीआडनं कुणाचातरी नुसता कान दिसतोय. तो कान म्हणे आजोबांचा.

मी म्हणलं, "अहो, कान कुणाचाबी असेल."

"पुरावा?" तो म्हणाला. कशालाही तो हेच म्हणायचा. दूधवाला म्हणाला म्हैस आटली, तर पुरावा. मी म्हणलं आज उकडतंय, तरी पुरावा.

या एका कानापायी त्यानं चंडीगडातला एकही मराठी माणूस सोडला नाही. लष्करातले, हवाई दलातले जे कुणी साहेब बदलीवर येत, त्यांच्या दारावर मराठी पाटी दिसली की हा आत. हातात भिंग. साहेबांच्या बायका आधी चहा करत, मग कान बघतोय म्हणल्यावर पोरांना आत घेत.

आणि दिवस कसले होते! सगळा पंजाब पेटलेला. बसस्टँडवर, सिनेमात, जिथंतिथं लावलेलं, बेवारस वस्तूला हात लावू नका. रेडिओत बाँब, टिफिनात बाँब. कोपऱ्याकोपऱ्यावर पोलिसांचा नाका. अशा दिवसांत हा शहाणा सतरा सेक्टरच्या बसस्टँडवर बाकाखाली पिशवी ठेवून कुण्या मेजरसाहेबाच्या कानामागं गेला. परत आला तर स्टँड रिकामा, पिशवीभोवती वाळूची पोती रचलेली आणि एक जवान लांबनं दोरीला आकडा बांधतोय.

हा किंचाळत धावला, "उसको खींचो मत! उसमें मेरे दादाजी का कान है!"

हवालदार सरदारजी होता. त्यानं याला धोतरासकट उचलून बाजूला घेतलं आणि विचारलं, "कान थैले विच है, तो बाकी दादाजी कित्थे हैं?"

ओळख पटवायला पोलिसांनी मला वर्कशॉपातनं बोलावून घेतलं. मी म्हणलं, हा बाँब नाही, नुसता मूर्ख आहे. त्यांनी सोडलं. वाटेत मी आईबाप काढून शिव्या दिल्या. कोंढवलकर फोटो पुसत एवढंच म्हणाला, "काचेला तडा गेलाय, शिंदे. पण कानावरनं नाही गेला."

त्याचं ऐकून घेणारं एकच माणूस होतं, आमची हौसा. तो वर आला की ती चहा टाकायची, फोटो उजेडात धरायची आणि म्हणायची, "व्हय की भाऊ. अगदी तुमच्यासारखाच कान हाय." भाऊबीजेला याला पाटावर बसवून ओवाळायची. हा पाच मिनिटं गप्प बसायचा, एरवी कधी न बसणारा.

मी एकदा तिला विचारलं, "खरंच दिसतो का गं तुला त्याच्यासारखा?"

"मला नुसती पगडीच दिसती," ती म्हणाली. "पण व्हय म्हणायला काय जातंय? त्याला दुसरं कोण म्हणणार हाय?"

थंडी सरता सरता हौसा गेली. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात नेली. कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं काळजी करू नका. दोन दिवसांत गेली. डॉक्टरांवर मी एवढा ओरडलो की शिपायानं मला बाहेर काढला. गावाकडं तार केली. पुतण्याची उलट तार आली, पंजाबातली परिस्थिती ठीक नाही, येता येत नाही. परिस्थिती! मी इथं रोज भाजी आणायला जातो, तुला एक दिवस येता येत नाही? खांदा द्यायला पुढं मी आणि कोंढवलकर, मागं शेजारचे दोन सरदार. अग्नी दिला, घरी आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली आणि कामावर गेलो. सुतकबितक पाळायचं नाही असं ठरवलं. कुणासाठी पाळायचं? देवानं माझं काय पाळलं?

कोंढवलकर रोज डबा आणून दारात ठेवायचा. त्यातला भात कायम कच्चा असायचा. तेवढ्यात याची दाढी वाढायला लागली. मला वाटलं, घाबरला. अतिरेकी बसमधनं बिनदाढीचे लोक उतरवून गोळ्या घालतात, अशा बातम्या रोज असायच्या. मी म्हणलं, "दाढी वाढवून सरदार होत नाही माणूस. उलट नाक्यावर पोलीस धरतील."

त्यानं पुरावासुद्धा मागितला नाही.

आणि नेमका तेव्हाच मंडळाचा सेक्रेटरी आला. त्याचा मुलगा हवाई दलात, चंडीगडला बदलून आलेला. दोन वर्षं कोंढवलकरनं त्याच्या मागं लागून कबूल करून घेतलं होतं की इकडं आलो की कान स्वतः बघीन. पुस्तक छापायला जाणार होतं. आता नाही तर कधीच नाही. कोंढवलकर मला म्हणाला, "साक्षीदार म्हणून येऊन बसा. छापलं नाही शिंदे, तर आम्ही नव्हतोच असं होईल. माझ्यामागं तर कुणी नाही."

मी गेलो. बसलो. रागातच.

सेक्रेटरी गोरा, नीटनेटका, कोटाच्या खिशात स्वतःचं भिंग. त्यानं फोटो बघितला. मग कोंढवलकरला खिडकीपाशी उन्हात उभा केला आणि बैल विकत घेतल्यासारखा त्याचा कान बघितला. वरनं, खालनं, मागनं.

"हं," तो म्हणाला. "पाळी चिकटलेली. वरची कड दुमडलेली. कान आपलाच आहे. फोटोतला तुमच्या आजोबांचाच, मला शंका नाही."

कोंढवलकर मटकन खुर्चीत बसला. 

"दाढी कसली ही?" सेक्रेटरीनं सहज विचारलं. "सुतक आहे का?"

"हो. बहीण गेली."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"अरेरे! पण बहिणीची माहिती तुम्ही कळवली नव्हती. कुठे दिलेली?"

"शिंद्यांकडे. हे तिचे यजमान."

सेक्रेटरीनं माझ्याकडं बघितलं. माझे ग्रीस लागलेले हात, माझ्या मिशा, सगळं बघितलं. "म्हणजे मानलेली," तो हसून म्हणाला. "असं सांगा ना. चांगली गोष्ट आहे, परमुलखात माणुसकी लागतेच."

"बहीण," कोंढवलकर म्हणाला.

"हे बघा, आपल्या कुळातली मुलगी शिंद्यांच्या घरी कशी जाईल? तुम्ही सख्खी म्हणायला लागलात तर मला सगळ्या शाखेचाच संशय धरावा लागेल. मग कानाला तरी काय अर्थ उरला? नुसतं मानलेली म्हणा. मी आजच तुमच्या आजोबांचं नाव घालतो."

मी म्हणलं, "म्हणा हो कोंढवलकर. मानलेलीच होती."

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. सेक्रेटरीला विचारलं, "मानलेल्या बहिणीचं सुतक किती दिवस?"

"नसतंच."

"मग सख्खी."

सेक्रेटरीनं आणखी दोनदा समजावलं. मग भिंग खिशात घातलं, छत्री उचलली आणि "पुरावा पुरेसा नाही" एवढं बोलून गेला.

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत मी दम धरला. मग मी फुटलो. "अक्कल आहे का तुम्हाला? सगळी हयात त्या कानापायी घालवली, भिकाऱ्यासारखे दारोदार फिरलात, आणि ऐन वेळेला एक शब्द तोंडातनं निघेना? हौसा काय वरनं ऐकायला बसली होती?"

"ओरडू नका," तो म्हणाला. "तुम्ही दुसऱ्याच दिवशी दाढी केलीत. गावाकडनं कुणी आलं नाही. कुणीतरी सुतक धरायला नको का तिचं?"

 कोंढवलकर फोटो कपड्यात गुंडाळत बसला. गुंडाळून झाल्यावर कपाटावर टाकला आणि म्हणाला, "उद्या दहावा. तलावाच्या अंगाला कावळे असतात, मी बघून आलोय. भात मी घालतो. तुम्ही येणार नसाल तर मी एकटाच जाईन."

"एकटा कुठं जाताय? ही दाढी, हातात गाठोडं. पहिल्या नाक्यावर धरून नेतील."

"मग?"

"मग काय मग! सकाळी सहाला खाली उभा राहा. आणि तांदूळ मी भिजवतो. तुझा भात कच्चा असतो, तिला चालायचा नाही."